चेंबूरचा स्टुडिओ पणाला लावणारे राज कपूर

चेंबूरचं नाव काढलं की जुन्या माणसांना आधी आर. के. स्टुडिओ आठवतो. तिथला गणपतीही मुंबईभर गाजायचा. हा स्टुडिओ उभा केला राज कपूर यांनी.

१४ डिसेंबर १९२४ रोजी पेशावरला त्यांचा जन्म झाला. वडील पृथ्वीराज कपूर नावाजलेले नट. तरी पोराची सुरुवात केदार शर्मांच्या हाताखाली क्लॅप देण्यापासून झाली. १९४८ साली त्यांनी स्वतःचा ‘आग’ काढला. पुढच्या वर्षी ‘बरसात’ तुफान चालला आणि चेंबूरला स्टुडिओचं बस्तान बसलं. १९५१ चा ‘आवारा’ तर थेट रशियात पोचला.

चांगल्या लिहिणाऱ्यांची त्यांना पारख होती. माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात काम करणाऱ्या शैलेंद्र यांना त्यांनी गीतकार केलं. याच शैलेंद्र यांनी फणीश्वरनाथ रेणू यांच्या कथेवर ‘तीसरी कसम’ काढला. त्यात राज कपूर झाले साधाभोळा गाडीवान. बैलगाडी हाकणारा हा हिरामन गावाकडच्या माणसाला आपलाच वाटतो. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण धंदा झाला नाही. त्याच वर्षी, १९६६ मध्ये, राज कपूर यांच्या वाढदिवशीच शैलेंद्र गेले.

मग आला ‘मेरा नाम जोकर’. सहा वर्षं खपून केलेला, चार तासांचा, दोन मध्यंतरांचा सिनेमा. त्यासाठी स्टुडिओसुद्धा गहाण पडला. १९७० साली सिनेमा पडला आणि राज कपूर पार कर्जात बुडाले.

पण त्यांनी हाय खाल्ली नाही. मोठे स्टार न घेता मुलगा ऋषी आणि नवखी डिंपल यांना घेऊन १९७३ ला ‘बॉबी’ काढला. श्रीमंताचा मुलगा आणि गोव्याकडच्या मासेमाराची मुलगी यांची ही गोष्ट लोकांनी डोक्यावर घेतली. कर्ज फिटलं, स्टुडिओ वाचला.

पुणे जिल्ह्यात लोणी काळभोरला त्यांचा राजबाग मळा होता. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं चित्रीकरण तिथंच झालं. ‘प्रेमरोग’मध्ये त्यांनी विधवेच्या लग्नाचा प्रश्न मांडला.

१९८८ साली दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्काराच्या सोहळ्यातच त्यांना दम्याचा झटका आला. २ जूनला ते गेले.

२०१७ च्या आगीत स्टुडिओचं मोठं नुकसान झालं. २०१९ मध्ये जागा विकली गेली. ज्या स्टुडिओला ‘बॉबी’नं तारलं, तो आता चेंबूरला नाही. ‘जोकर’ मात्र, तेव्हा पडलेला, आज लोक मोबाईलवर आवडीनं बघतात.