सर मॅक्स एटकेन

हा लेख वृत्तपत्र-संचालक व मोटरबोट शर्यतींचे संयोजक पुत्र मॅक्स एटकेन यांच्याविषयी आहे. त्याच नावाच्या त्यांच्या वडिलांसाठी 'लॉर्ड बीव्हरब्रुक' हा लेख पाहावा.

सर जॉन विल्यम मॅक्सवेल एटकेन (१५ फेब्रुवारी १९१० – ३० एप्रिल १९८५) हे ब्रिटिश वैमानिक, संसद सदस्य, वृत्तपत्र-संचालक आणि खुल्या समुद्रातील मोटरबोट शर्यतींचे प्रवर्तक होते. १९६१ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर काउझ ते टॉर्की ही शर्यत सुरू केली. युरोपात या खेळाची खरी पायाभरणी त्या शर्यतीने झाली असे मानले जाते. ते स्वतः शर्यतीत भाग घेत असत. तथापि या खेळाच्या इतिहासात त्यांचे स्थान विजेता म्हणून नाही, तर संयोजक म्हणून आहे.

== जन्म व शिक्षण ==
मॅक्स एटकेन यांचा जन्म कॅनडातील माँट्रिऑल येथे झाला. त्यांचे वडील मॅक्स एटकेन हे कॅनडातून इंग्लंडला आलेले धनाढ्य उद्योजक होते. पुढे ते 'लॉर्ड बीव्हरब्रुक' या नावाने प्रसिद्धीस आले आणि 'डेली एक्सप्रेस' हे दैनिक त्यांनी ब्रिटनमधील सर्वाधिक खपाच्या वृत्तपत्रांत आणून बसविले. अशा प्रबळ पित्याच्या छायेत पुत्राचे बालपण गेले. त्यांचे शिक्षण लंडनमधील वेस्टमिन्स्टर स्कूल आणि केंब्रिज विद्यापीठातील पेम्ब्रोक कॉलेज येथे झाले. विमानोड्डाणाची ओढ त्यांना तरुणपणीच लागली. १९३५ मध्ये ते सहायक हवाई दलाच्या ६०१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. श्रीमंत घरांतील तरुणांचा भरणा असल्याने या तुकडीला 'लक्षाधीशांची स्क्वाड्रन' असे गमतीने म्हटले जाई.

== महायुद्धातील कामगिरी ==
दुसऱ्या महायुद्धाने या तुकडीची कसोटी पाहिली. नोव्हेंबर १९३९ मध्ये जर्मनीच्या बोर्कुम बेटावरील विमानतळावर झालेल्या हल्ल्यात एटकेन सहभागी होते. १९४० च्या उन्हाळ्यात ते ६०१ स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. त्याच सुमारास लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्याकडे विमान उत्पादन खात्याचे मंत्रिपद आले. पित्याच्या खात्याने विमाने घडवावीत आणि पुत्राने ती आघाडीवर न्यावीत, असा योग त्या वर्षी जुळून आला. त्यांना डी.एफ.सी. व पुढे डी.एस.ओ. ही शौर्यपदके मिळाली. रात्री लढणाऱ्या ६८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्वही त्यांनी केले. या तुकडीत अनेक चेक वैमानिक होते.

युद्धाच्या अखेरच्या पर्वात स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील बॅन्फ येथील विमानदलाची धुरा त्यांच्याकडे आली. नॉर्वेच्या किनाऱ्यालगत ये-जा करणाऱ्या जर्मन जहाजांवर हल्ले करणे हे या दलाचे काम होते. समुद्राचा लहरी स्वभाव आणि तेथे जाणाऱ्या माणसांना परत आणण्याची जबाबदारी या दोहोंचा निकट परिचय त्यांना येथे घडला.

== राजकारण व वृत्तपत्र व्यवसाय ==
१९४५ च्या निवडणुकीत लंडनच्या होबर्न मतदारसंघातून ते हुजूर पक्षाचे उमेदवार म्हणून निवडून आले व १९५० पर्यंत संसदेत होते. त्यानंतर त्यांनी कौटुंबिक वृत्तपत्र व्यवसायाला वाहून घेतले. जून १९६४ मध्ये लॉर्ड बीव्हरब्रुक यांचे निधन झाले. वारशाने आलेली उमराव पदवी मॅक्स यांनी काही दिवसांतच सोडून दिली. आदल्याच वर्षी संमत झालेल्या कायद्यामुळे हे शक्य झाले होते. आपल्या हयातीत लॉर्ड बीव्हरब्रुक हे नाव वडिलांचेच राहावे, अशी त्यामागे त्यांची भावना होती. बॅरोनेट हा किताब मात्र कायद्याने सोडता येत नसल्यामुळे ते 'सर मॅक्स' म्हणून ओळखले जाऊ लागले.

वडिलांनी उभारलेले वृत्तपत्र-साम्राज्य सांभाळणे त्यांना जड गेले. वाढता खर्च आणि घटता खप यांमुळे संस्था अडचणीत आली, त्यातच त्यांची प्रकृती ढासळली. १९७७ मध्ये ही वृत्तपत्रे ट्रफाल्गर हाउस या उद्योगसमूहाला विकण्यात आली.

== नौकानयनाची आवड ==
युद्धोत्तर काळात वाइट बेटावरील काउझ हे एटकेन यांचे दुसरे घर बनले. ते कुशल शिडाची नौका चालवीत. त्यांची 'ड्रमबीट' ही नौका त्या वर्तुळात सुपरिचित होती. नौकाविहार हा मूठभर धनिकांचा शौक न राहता सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचावा, या विचाराने त्यांनी लंडनच्या नौका-प्रदर्शनाचा पुरस्कार केला. १९५४-५५ च्या हिवाळ्यात ऑलिंपिया येथे 'डेली एक्सप्रेस'च्या साहाय्याने हे प्रदर्शन प्रथम भरले आणि पुढे ते दरवर्षी भरू लागले.

== काउझ–टॉर्की शर्यत ==
=== पार्श्वभूमी ===
मोटरबोटींच्या शर्यती ब्रिटनला नव्या नव्हत्या. १९०३ मध्ये आल्फ्रेड हार्म्सवर्थ या दुसऱ्या एका वृत्तपत्र-मालकाने त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय चषक ठेवला होता. १९०८ च्या ऑलिंपिकमध्येही हा प्रकार समाविष्ट होता. मात्र पुढील काळात वेगाचे विक्रम प्रामुख्याने सरोवरे आणि नद्या यांच्या शांत पाण्यात होऊ लागले. त्यासाठी बांधलेल्या नौका खवळलेल्या समुद्रात निरुपयोगी ठरत.

अमेरिकेत १९५६ मध्ये मायामी ते बहामा बेटांवरील नासाउ अशी खुल्या समुद्रातील शर्यत सुरू झाली. १९६० च्या शर्यतीत रे हंट यांनी आखलेल्या, खोल 'व्ही' आकाराच्या तळाच्या 'मॉपी' या नौकेने मोठ्या लाटांतही वेग टिकवून विजय मिळविला. सपाट तळाची नौका लाटेवर आपटते, तर 'व्ही' आकाराचा तळ लाट कापत जातो, हे तत्त्व त्यामुळे ठळकपणे सिद्ध झाले. या शर्यतीपासून एटकेन यांनी प्रेरणा घेतली. ब्रिटिश नौकाबांधणीला असेच आव्हान मिळाले, तर समुद्रात टिकणाऱ्या वेगवान नौका घडतील, असा त्यांचा विश्वास होता.

=== संयोजन ===
ऑगस्ट १९६१ मध्ये पहिली काउझ–टॉर्की शर्यत झाली. तिचे प्रायोजकत्व 'डेली एक्सप्रेस'कडे होते. संयोजनात एटकेन यांना त्यांच्या वृत्तपत्रातील सहकारी आणि पाणबुडी दलातील निवृत्त अधिकारी कॅप्टन जॉन कूट यांची मोलाची साथ लाभली. मार्गाची निवड विचारपूर्वक केलेली होती. आरंभीचे सोलेंट खाडीचे पाणी वाइट बेटामुळे काहीसे सुरक्षित असते. त्यापुढे मात्र पोर्टलंड भूशिराजवळ भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहांनी खवळणारा समुद्र आणि त्यानंतर लाइम उपसागराचा उघडा विस्तार लागतो. केवळ इंजिनाच्या बळावर हे अंतर पार होत नसे.

अशा शर्यतीचा भार बव्हंशी पडद्याआडच्या माणसांवर असतो. सुटण्यापूर्वी प्रत्येक नौकेची तपासणी करणारे तपासनीस, मार्गावरील खुणांपाशी नौकांची नोंद घेणारे निरीक्षक, वेळ मोजणारे पंच, टेहळणी नौकांवरील स्वयंसेवक आणि बिनतारी संदेशाद्वारे मागे राहिलेल्या नौकांचा ठावठिकाणा लावणारे कार्यकर्ते यांच्यावाचून ती पार पडू शकत नाही. मैदानी खेळात सामना थांबविता येतो. समुद्रात पांगलेल्या नौकांना मात्र थांबा म्हणून सांगणेही कठीण असते.

=== प्रारंभीची वर्षे व नियम ===
पहिल्या शर्यतीत अनेक नौका वाटेतच निकामी झाल्या. टॉमी सॉपविथ यांनी 'थंडरबोल्ट' या नौकेतून ताशी सुमारे २५ मैल सरासरी वेगाने विजय मिळविला. १९६२ मध्ये स्पिटफायर विमानाचे चाचणी-वैमानिक जेफ्री क्विल यांनी चालविलेली 'ट्रामोंटाना' ही प्रचंड शक्तीची नौका जिंकली. त्यामुळे एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. ज्याचे इंजिन मोठे तोच विजयी ठरणार असेल, तर नौकेच्या बांधणीची परीक्षा होणार कशी? पुढे इंजिनांच्या आकारमानावर मर्यादा घालण्यात आली. शर्यत नौकाबांधणीच्या प्रगतीसाठी आहे, हा मूळ हेतू अशा नियमांतून राखला गेला.

१९६३ चे विजेतेपद रेनाटो ऊर्फ सनी लेव्ही यांच्या 'अ स्पेरांझिएला' या नौकेने पटकाविले. मराठी वाचकांच्या दृष्टीने हा विजय विशेष आहे. कराचीत जन्मलेल्या लेव्ही यांनी नौका-रेखाटनाचे आरंभीचे धडे मुंबईत, आपल्या कौटुंबिक व्यवसायात गिरविले होते. १९६५ मध्ये अमेरिकेचे डिक बर्ट्रम, तर १९६९ मध्ये डॉन अरोनाउ विजयी झाले. तोवर विजेत्याचा सरासरी वेग ताशी ६० मैलांच्या पुढे गेला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शर्यत टॉर्कीहून पुन्हा काउझपर्यंत नेण्यात आली.

एटकेन स्वतः 'जिप्सी गर्ल' व अन्य नौकांतून या शर्यतींत उतरले. त्यांच्या पत्नी व्हायोलेट यांनीही त्यांत भाग घेतला.

== मूल्यमापन ==
या उपक्रमातून 'डेली एक्सप्रेस'ला मोठी प्रसिद्धी मिळाली, हे नाकारता येत नाही. शिवाय वेग वाढला तसा नौकांचा खर्चही वाढला. सामान्य कुटुंबाच्या नौकेला प्रोत्साहन द्यावे या हेतूने आरंभलेली शर्यत हळूहळू केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या महागड्या नौकांची झाली. नियमांना हा ओघ पूर्णपणे थोपविता आला नाही.

तरीही एटकेन यांच्या कार्याचे महत्त्व कमी होत नाही. खोल 'व्ही' आकाराचा तळ आज सर्वसाधारण वेगवान नौकांत सर्रास आढळतो. त्याची उपयुक्तता जगापुढे आणण्यात या शर्यतींचा मोठा वाटा आहे. वडिलांकडून आलेली वृत्तपत्रे एटकेन यांच्या हयातीतच कुटुंबाच्या हातून गेली. त्यांनी स्वतः सुरू केलेली शर्यत मात्र त्यांच्या पश्चातही होत राहिली.

== अखेरचे दिवस व स्मारक ==
आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत आजारपणामुळे त्यांच्या हालचालींवर मर्यादा आल्या. ३० एप्रिल १९८५ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. काउझ येथील 'द प्रॉस्पेक्ट' या त्यांच्या वास्तूत नौकानयनविषयक वस्तूंचे संग्रहालय उभे राहिले व ते त्यांच्या नावाने ओळखले गेले.