विश्लेषण : प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक अंगणात का गेल्या?

हिंगोली जिल्ह्यात अंगणवाडी सेविका वा मदतनीसपदासाठी जागा निघाल्या की शिकलेल्या अनेक तरुणी अर्ज करतात. त्यात खासगी शाळेत शिकवणाऱ्या असतात, शिवणकाम करणाऱ्या असतात, पदवी घेऊन घरी बसलेल्याही असतात. लहान मुले आणि त्यांच्या कुटुंबांसोबतचे हे काम उपजीविका म्हणून स्वीकारावे का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. अंगणवाडी या कल्पनेचे मूळ ज्यांच्या प्रयोगात सापडते, त्या ताराबाई मोडक यांनीही प्रतिष्ठेचे पद सोडूनच हा मार्ग धरला होता.

ताराबाई मोडक कोण होत्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. त्यामुळे मुलींनी शिकावे, हा विचार घरातच होता. मुंबई विद्यापीठातून १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या मराठी स्त्रिया अगदी थोड्या होत्या. त्यांचा विवाह अमरावतीच्या मोडक घराण्यात झाला, पण तो संसार टिकला नाही. पतीपासून वेगळे झाल्यावर एका लहान मुलीची जबाबदारी त्यांच्या एकटीवर आली. पुढे राजकोटला मुलींच्या बार्टन अध्यापक विद्यालयात त्यांना प्राचार्यपद मिळाले. एकट्या आईसाठी हे मोठे स्थैर्य होते.

मग हे पद का सोडले?

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. मॉन्टेसरी पद्धतीने प्रभावित होऊन ते वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळले होते. छडी नाही, पाठांतराची सक्ती नाही, मूल स्वतः हाताने करून शिकते, हा प्रयोग ताराबाईंना पटला. १९२३ मध्ये प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गेल्या. शिक्षिका घडवण्याचे काम सोडून त्या थेट अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये बसू लागल्या. त्या वेळच्या समाजाच्या नजरेत ही पायउतार होती. सहा वर्षांखालच्या मुलांचेही शिक्षण असते, हेच तेव्हा फारसे कुणी मानत नव्हते.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकातून ताराबाई पालक आणि शिक्षकांसाठी सातत्याने लिहीत राहिल्या. १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाला आणि शिक्षिकांचे प्रशिक्षणही उभे राहिले.

शहरातून खेड्यात जाण्याचे कारण काय?

शिशुविहार यशस्वी होता, पण तेथे येणारी मुले मध्यमवर्गीय घरांतली होती. महागडी मॉन्टेसरी साधने खेड्याला परवडणार नव्हती. १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, बांबू हीच तेथील साधने झाली. अनुताई वाघ याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून आल्या होत्या.

‘अंगणवाडी’ कशी जन्मली?

बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतील आणि आदिवासी पाड्यावरील मुले येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. मोठ्या मुलीकडे धाकटे भावंड असे, तर मुलगा गुरांमागे. दोष मुलांचा नव्हता, त्यांच्या घरच्या परिस्थितीत बालवाडीला जागाच नव्हती. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली. घरापुढच्या अंगणात, झाडाखाली मुले जमू लागली. आधी आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. आई समोरच असल्याने तिच्याशीही बोलणे होई.

१९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. धाकट्या भावंडाला पाळणाघरात ठेवता आले, तरच बहीण शाळेत बसू शकत होती. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरे. एका मुलाला शिकवायचे तर अख्ख्या कुटुंबाचा दिवस समजून घ्यावा लागतो, हे या कामाचे सूत्र होते. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे काय झाले?

त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्राने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिचे गावपातळीवरील केंद्र म्हणजे अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे आहेत. कल्पना देशभर पोहोचली, मात्र ती राबवणारी सेविका आजही वेतनावर नव्हे, मानधनावर काम करते. सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तेही दीर्घ लढ्यानंतर.

हिंगोलीतील इच्छुकांसाठी याचा अर्थ काय?

हळद आणि सोयाबीनच्या हंगामात हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ वा सेनगावच्या गावांतील अनेक आया सकाळीच शेतात असतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे तर मुलांसह गाव सोडतात. बोर्डीत ताराबाईंना पडलेलाच हा पेच आहे. म्हणून या कामाकडे केवळ घराजवळची नोकरी म्हणून पाहिले, तर अपेक्षाभंग होऊ शकतो. आहारवाटप आणि नोंदी यांत दिवसाचा मोठा भाग जातो, तरीही न येणाऱ्या मुलाच्या घरी जावेच लागते.

निर्णय घेताना मानधन, घरखर्च आणि पुढे पर्यवेक्षिका होण्याची संधी यांचा हिशेब आधी मांडायला हवा. ताराबाईंच्या त्यागाचे दाखले देऊन सेविकेने कमी पैशांत राबावे, अशी अपेक्षा धरणे चुकीचे ठरेल. त्यांनी पद सोडले ते हे काम दुय्यम नाही, हे ओळखून. काम करणारीला योग्य मोबदला आणि प्रशिक्षण देणे, हा त्याच विचाराचा अपुरा राहिलेला भाग आहे.