पांडुरंग सदाशिव खानखोजे

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे (मृत्यू : नागपूर, २२ जानेवारी १९६७) हे भारतीय क्रांतिकारक, गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक आणि कृषिशास्त्रज्ञ होते. त्यांचे शेतीचे शिक्षण अमेरिकेत झाले आणि त्या विद्येचा उपयोग त्यांनी प्रामुख्याने मेक्सिकोतील शेतकऱ्यांसाठी केला. मराठी वाचकांना ते बहुधा सशस्त्र क्रांतीच्या इतिहासातून परिचित असतात. त्यांच्या कृषिकार्याची माहिती त्या मानाने कमी आहे.

== प्रारंभिक जीवन ==
खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकात वर्धा येथील एका मराठी कुटुंबात झाला. त्यांचे बालपण वर्धा व नागपूर परिसरात गेले. ते शाळेत असतानाच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्य प्रांत आणि वऱ्हाडावर कोसळले. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा त्यांच्यावर तरुणपणीच प्रभाव पडला. लष्करी शिक्षण घेऊन देश स्वतंत्र करावा या ध्येयाने १९०६ च्या सुमारास त्यांनी भारत सोडला आणि जपानमार्गे अमेरिकेचा पश्चिम किनारा गाठला.

== अमेरिकेतील शिक्षण ==
कॅलिफोर्नियात त्यांनी एकाच वेळी दोन विद्यांचा पाठपुरावा केला. बर्कली येथील विद्यापीठात ते शेतीचा अभ्यास करू लागले आणि सॅन राफाएल येथील माउंट टॅमलपायस लष्करी अकादमीत त्यांनी युद्धशिक्षण घेतले. पुढे ऑरेगन राज्यातील कॉर्व्हालिस आणि वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील महाविद्यालयांत त्यांनी कृषिशिक्षण चालू ठेवले. या महाविद्यालयांना जोडून प्रायोगिक शेते होती आणि विद्यार्थ्याला वर्गाइतकाच वेळ शेतात द्यावा लागे. पुलमनभोवतीचा प्रदेश तर पावसाच्या पाण्यावरच गहू पिकवणारा आहे. कोरडवाहू शेतीच्या मुलखातून आलेल्या विद्यार्थ्याला याहून उपयुक्त ठिकाण मिळणे कठीण होते.

त्या काळी अमेरिकेत शिकणारे बहुतेक भारतीय विद्यार्थी शेतमजुरी किंवा गिरणीकाम करून शिक्षणाचा खर्च भागवत. पश्चिम किनाऱ्यावरील लाकूड कापण्याच्या गिरण्यांत पंजाबी मजुरांची संख्या मोठी होती. खानखोजे यांनी पंडित काशीराम यांच्यासह या मजुरांमध्ये स्वातंत्र्याचा प्रचार केला. १९१३ मध्ये लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना इत्यादींच्या पुढाकाराने गदर पक्ष उभा राहिला, तेव्हा त्याच्या सशस्त्र शाखेची जबाबदारी खानखोजे यांच्याकडे आली.

== युद्धकाळ ==
पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते कॉन्स्टँटिनोपलमार्गे इराणात गेले. त्या बाजूने भारताच्या सरहद्दीपर्यंत पोहोचण्याचा हा प्रयत्न होता. तो सफल झाला नाही. ते ब्रिटिशांच्या हाती सापडले, निसटले आणि वेगवेगळी नावे धारण करून इराणात राहिले. युद्धानंतर बर्लिन आणि १९२१ मध्ये मॉस्को येथील भारतीय क्रांतिकारकांच्या वर्तुळात ते वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यासमवेत होते. भारतात परतणे म्हणजे अटक, हे एव्हाना स्पष्ट झाले होते.

== मेक्सिकोतील कार्य ==
१९२४ मध्ये जुन्या परिचयातील मेक्सिकन मंडळींच्या आधाराने ते मेक्सिकोत गेले. १९१० मध्ये सुरू झालेल्या क्रांतीनंतर तेथे जमीनदारांच्या विस्तीर्ण वसाहती मोडून गावांना जमिनी देण्याचे काम चालू होते. राष्ट्रीय कृषी विद्यालयसुद्धा चापिंगो येथील अशाच एका जुन्या वसाहतीच्या वाड्यात नुकतेच हलवले होते. येथे खानखोजे प्राध्यापक झाले.

ज्याने कधी स्वतःची जमीन कसली नव्हती त्याच्या हाती जमीन आली, पण चांगले बियाणे आणि शेतीचे ज्ञान कोठून यावे, हा त्या देशापुढचा प्रश्न होता. खानखोजे यांचे काम या दोन्ही बाजूंनी चालले. संशोधक म्हणून त्यांचा मुख्य विषय मका होता. मेक्सिको ही मक्याची जन्मभूमी असल्याने टेओसिंटे हा त्याचा रानटी भाऊबंद तेथे आढळतो. मक्याच्या वाणांचा व त्यांच्या संकराचा त्यांनी अभ्यास केला आणि ‘ग्रॅनाडा’ या वाणावर स्पॅनिश भाषेत पुस्तिका लिहिली. गहू, कडधान्ये आणि रबर यांवरही त्यांनी काम केले. थंडी व अवर्षण यांना टिकणारे वाण तयार करणे हा त्यांचा हेतू होता. नॉर्मन बोरलॉग यांचे गव्हावरील सुप्रसिद्ध संशोधन मेक्सिकोत १९४० च्या दशकात सुरू झाले, म्हणजे खानखोजे यांच्या आगमनानंतर सुमारे दोन दशकांनी.

दुसरी बाजू ‘मुक्त कृषिशाळां’ची होती. शेतकरी संघटनांच्या साहाय्याने गावोगावी उघडलेल्या या शाळांत शेतकऱ्यांना विनामूल्य शिक्षण मिळे. त्यांचे संचालकपद खानखोजे यांच्याकडे होते. इटालियन छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी या शाळांची आणि खानखोजे यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे काढली. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या ‘आमची रोजची भाकरी’ या अर्थाच्या चित्रात मेजाशी बसून भाकरी मोडून देणारी मध्यवर्ती व्यक्ती खानखोजे यांचीच आहे. परदेशात पोट भरण्यासाठी आलेल्या एका निर्वासित शिक्षकाला क्वचितच असा मान मिळाला असेल.

१९३६ मध्ये त्यांचा विवाह जीन सिंडिक या बेल्जियन महिलेशी झाला. त्यांना सावित्री व माया या दोन मुली झाल्या.

== भारतात आगमन ==
स्वातंत्र्यानंतर खानखोजे यांनी मायदेशी येण्याची परवानगी मागितली, तेव्हा ब्रिटिश काळातील बंदीच्या यादीत नाव असल्याने प्रथम ती नाकारण्यात आली. ज्या स्वातंत्र्यासाठी ही बंदी ओढवली, ते मिळाल्यावरही यादी तशीच राहिली होती. नकार मागे घेतल्यावर १९४९ मध्ये तत्कालीन मध्य प्रांताच्या सरकारच्या निमंत्रणावरून ते शेतीविषयक कामासाठी भारतात आले. चार दशकांहून अधिक काळ त्यांनी मायभूमी पाहिली नव्हती. १९५० च्या दशकाच्या मध्यास ते नागपुरात कायमचे स्थायिक झाले. तोपर्यंत त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

चापिंगोसारखी शिक्षण, संशोधन आणि विस्तारकार्य एकत्र चालवणारी संस्था महाराष्ट्रात त्यांना पाहायला मिळाली नाही. राज्यातील कृषी विद्यापीठे त्यांच्या मृत्यूनंतरची आहेत : राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी व दापोली १९७२. त्यांपैकी परभणीच्या विद्यापीठाकडे आलेला मराठवाडा हा त्या काळी मुख्यतः ज्वारी, तूर आणि कापूस पिकवणारा कोरडवाहू प्रदेश होता. अवर्षणाला टिकणाऱ्या वाणांचा जो प्रश्न खानखोजे यांनी मेक्सिकोत हाताळला, तोच तेथील संशोधनाचाही महत्त्वाचा विषय आहे.

== चरित्रे व स्मारक ==
वीणा गवाणकर यांनी खानखोजे यांचे ‘नाही चिरा...’ हे मराठी चरित्र लिहिले आहे. त्यांची कन्या सावित्री साहनी यांचे ‘आय शॅल नेव्हर आस्क फॉर पार्डन’ हे इंग्रजी चरित्रही प्रसिद्ध आहे. २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.