टेलिफोनवाला बेल आणि न सापडलेली गोळी: मेटल डिटेक्टरमागच्या माणसाची गोष्ट

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ शिवणीच्या परिसरात एप्रिल १८१८ मध्ये एक लढाई झाली. कर्नल अ‍ॅडम्सच्या इंग्रज फौजेने दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या सैन्याचा पराभव केला, आणि जूनमध्ये पेशवे शरण गेले. असं काही वाचलं की लगेच डोक्यात येतं, तिथे मातीत अजून गोळ्या असतील का? मोबाईलवर मेटल डिटेक्टरचं अ‍ॅप टाकून बघायचं का?

बघूया. पण त्याआधी ज्याच्यामुळे हे मशीन कामाला लागलं, त्या माणसाला भेटू. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे, फक्त वेगळ्या कारणासाठी.

आवाजाच्या घरातला मुलगा

अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात झाला. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक, तर आईला फार कमी ऐकू यायचं. त्यामुळे आवाज म्हणजे काय, तो पोचतो कसा, हा प्रश्न त्याला घरातच पडला. पुढे दोन्ही भाऊ क्षयरोगाने गेले. उरलेला एक मुलगा तरी वाचावा म्हणून आईवडील १८७० मध्ये त्याला घेऊन कॅनडाला गेले.

१८७१ पासून तो अमेरिकेत बोस्टनला कर्णबधिर मुलांना शिकवू लागला. मेबल हबर्ड ही त्याची विद्यार्थिनी, लहानपणीच्या तापामुळे बहिरी झालेली. १८७७ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्याच्या आदल्या वर्षी, ७ मार्च १८७६ रोजी, त्याला टेलिफोनचं पेटंट मिळालं होतं. वय फक्त २९!

इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पुढची सहसा नसते.

राष्ट्राध्यक्षाच्या पाठीतली गोळी

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी पाठीतून आत शिरली आणि आतच राहिली. एक्स-रेचा शोध लागायला अजून १४ वर्षं होती. डॉक्टर जखमेत बोटं आणि सळया घालून गोळी शोधत होते, तेही न धुतलेल्या हातांनी.

बेलने हे ऐकलं आणि हातातली कामं बाजूला ठेवली. त्याच्याकडे एक आयडिया होती.

मशीन कसं चालायचं? तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, एकमेकांवर अशा बसवायच्या की त्यांच्यातल्या विजेचा परिणाम एकमेकांना खोडून काढेल. मग कानाला लावलेल्या टेलिफोनमध्ये शांतता. जवळ धातू आला की त्या धातूत छोटे प्रवाह फिरायला लागतात, तोल बिघडतो आणि आवाज येतो. याला नाव होतं इंडक्शन बॅलन्स. म्हणजे गंमत बघा, टेलिफोन आता माणसाचा नाही तर धातूचा आवाज ऐकत होता.

टेस्टिंग कोणावर करायचं? अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झालं होतं. त्यातले काही सैनिक अजून अंगात गोळ्या घेऊन जगत होते. बेलने मशीन त्यांच्यावर फिरवलं आणि ते वाजलं. आज परदेशात लोक हौस म्हणून जुन्या रणभूमीवर डिटेक्टर घेऊन फिरतात. पण युद्धातली गोळी मशीनने शोधायचं हे काम जिवंत माणसांच्या शरीरात आधी झालं होतं.

मशीन बरोबर, तरी उत्तर चूक

२६ जुलैला बेल राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत गेला. जोडणीत चूक होती, मशीन नुसतंच घरघरलं. १ ऑगस्टला पुन्हा गेला. या वेळी मोठ्या भागात हलका आवाज येत राहिला, गोळीची नेमकी जागा काही कळेना. नंतर समजलं की गादीत पोलादी तारा होत्या! शिवाय मुख्य डॉक्टर विलार्ड ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून तपासणी उजवीकडेच झाली.

त्याच ऑगस्टमध्ये बेलच्या घरी मुलगा जन्मला. त्याला नीट श्वास घेता येत नव्हता, काही तासांतच तो गेला. त्या दुःखातून बेलने श्वास द्यायला मदत करणारं धातूचं जॅकेट तयार केलं.

१९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला, खोलवर सापडली. लोकांच्या नजरेत बेल फेल गेला होता, पण त्याचं तत्त्व बरोबर होतं. दुसऱ्या महायुद्धात वाळूत पुरलेले सुरुंग शोधणारी यंत्रं याच तत्त्वावर चालली, आणि आज मॉलच्या दारात वाजणारी चौकटही त्याच घराण्यातली.

बेल देवमाणूस नव्हता. कर्णबधिर मुलांनी खुणांची भाषा सोडून बोलायलाच शिकावं, असा त्याचा आग्रह होता. त्याने नुकसान झालं, असं कर्णबधिर समाजातले अनेक जण आजही म्हणतात. २ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडात त्याचं निधन झालं. दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले.

आता तुमच्या खिशातला मोबाईल

मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये बेलची कॉइल नसते. ते होकायंत्राचा सेन्सर वापरतं, म्हणजे मॅग्नेटोमीटर. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं. लोखंड जवळ आलं की आकडा बदलतो. पण शिसं, तांबं, सोनं चुंबकाला दाद देत नाही. बंदुकीच्या जुन्या गोळ्या शिशाच्या असत. त्यामुळे अ‍ॅपला त्या दिसणारच नाहीत, खिळा मात्र दिसेल.

खरा डिटेक्टर शिसं पकडतो. पण विदर्भातली काळी माती बसाल्टची, तिच्यातच लोहखनिजं. म्हणून मशीनला आधी मातीची ओळख करून द्यावी लागते, त्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. नाहीतर आपली माती म्हणजे गारफिल्डची गादीच!

आणि समजा, काही वाजलंच तर? थांबा. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते, आणि १८१८ ला तर दोनशेहून जास्त वर्षं झाली. संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका, ११२ ला फोन करा.

गोळी कुठे, किती खोल, कशाशेजारी पडली, यावरून लढाई कशी झाली ते कळतं. उपटून खिशात घातली की उरतो फक्त शिशाचा तुकडा. डॉक्टरांनी घाईने जखम उकरली तेव्हा काय झालं, ते आपण वर वाचलंच. जमिनीचंही तसंच आहे, मित्रांनो. आधी नीट ऐका.