कै. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील

अहमदनगर जिल्हा, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, हा एकंदरीने अवर्षणाचा मुलूख. परंतु १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या दोन्ही तीरांवरील कालव्यांखाली उसाचे मळे वाढू लागले. पाणी आले म्हणजे सुबत्ता आली, असे दुरून पाहणाऱ्यास वाटावे. घडले ते निराळेच. ऊस हे भांडवल खाणारे पीक. बेणे, पेंड, पाणीपट्टी, मजुरी आणि अखेरीस गुऱ्हाळ, यांसाठी वर्ष-दीड वर्ष पैसा ओतावयाचा, आणि गूळ पेठेत नेला की त्याचा भाव मात्र दुसऱ्याने ठरवावयाचा. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले व कर्जात बुडालेल्या कित्येक बागायतदारांच्या जमिनी सावकाराकडे गहाण पडल्या, किंवा खाजगी साखर कारखान्यांकडे दीर्घ मुदतीच्या खंडाने गेल्या. कालवा दाराशी, आणि घरात कर्ज, अशी ही विपरीत स्थिती होती.

लोणी बुद्रुक येथील शेतकरी कुळात जन्मलेल्या विठ्ठलरावांनी ही स्थिती पुस्तकातून जाणली नव्हती. शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. सावकारी पाशातून गाव सोडवावयाचा तर गावचा पैसा गावाने एकत्र करावा, इतके त्यांस उमगले होते. आणि १९२३ साली लोणीत सहकारी पतपेढी उभी राहिली. पुढील सर्व कार्याचे बीज या लहानशा पेढीत आहे. कर्ज घेणारा व कर्ज देणारा हे एकाच वेशीतले असले म्हणजे हिशेब चोख ठेवावाच लागतो, हा धडा तेथे गिरविला गेला.

डिसेंबर १९४५ मध्ये दख्खन कालव्यांवरील बागायतदारांची परिषद बेलापूर येथे भरली. अध्यक्षस्थानी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार तेथे पुढे आला. विचार पुष्कळांनी ऐकला. तो खांद्यावर घेऊन गावोगाव हिंडण्याचे काम विठ्ठलरावांनी पत्करले.

हे काम किती कठीण होते, याची कल्पना आज येणे अवघड आहे. ज्याच्या घरात पुढच्या हंगामाच्या बेण्याची भ्रांत, त्याच्याकडे अद्याप जागाही न ठरलेल्या कारखान्याच्या भागाचे पैसे मागावयाचे! पैसे बुडतील ही भीती होतीच. त्याहून मोठा होता तो परस्परांविषयीचा अविश्वास. तो व्याख्यानाने जात नाही. पतपेढीत वीस-पंचवीस वर्षे जपलेली सचोटी हीच येथे तारण म्हणून उपयोगी पडली, असे आमचे मत आहे.

योजनेची घडणही ध्यानात घेण्याजोगी आहे. सासवडच्या माळी बागायतदारांनी १९३० च्या दशकात माळीनगर येथे स्वतःचा कारखाना काढून दाखविलाच होता. पण ती भागभांडवलाची कंपनी होती. प्रवरेस भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. सभासदत्वाची कसोटी जात नव्हे, ऊस ही होती, हे आपल्या ज्ञातिबांधवांनी अवश्य लक्षात घ्यावे. उसाचा पैसा एकदम न देता आधी उचल, व साखर विकल्यावर अंतिम भाव, अशी रीत सहकारी कारखान्यांत रुळली. भावातून थोडी ठेव कापून भांडवलही वाढत गेले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा लाभला, सरकारने भाग घेतले, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले, आणि १९५०-५१ च्या हंगामात चाक फिरले.

आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना, असा याचा गौरव सर्वत्र होतो. आंध्रात एटिकोप्पाका येथे १९३० च्या दशकातच तसा प्रयत्न झाला होता; तेव्हा पहिलेपणाचा वाद न घालता असे म्हणावे की, ज्याच्या मागोमाग महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली तो हा होय.

विशेष म्हणजे विठ्ठलरावांनी अध्यक्षपद स्वतःकडे घेतले नाही. आरंभीची सुमारे दहा वर्षे गाडगीळ अध्यक्ष राहिले व विठ्ठलराव उपाध्यक्ष. अर्थशास्त्र जाणणारा परगावचा पंडित आणि गावाची नाडी जाणणारा पाटील यांचा असा मेळ विरळाच. आपल्याकडील संस्था बहुधा खुर्चीच्या वादात फुटतात, म्हणून याचे मोल अधिक.

१९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी पंडित नेहरू प्रवरानगरास येऊन गेले. साखरेच्या पैशावर शिक्षणसंस्था उभी राहिली. पुढे १९७२ मध्ये वैद्यकीय विश्वस्त संस्था निघाली. या वैभवास दुसरी बाजूही आहे. कोरडवाहू मुलखातून कोयता घेऊन येणारा ऊसतोड मजूर या मालकीत भागीदार झाला नाही, आणि ज्याच्या रानास कालवा पोहोचला नाही तो शेतकरी बाहेरच राहिला. विठ्ठलरावांनी सोडविलेला प्रश्न बागायतदाराचा होता. हे दोन प्रश्न त्यांच्या मागे राहिले.

२७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलराव निवर्तले. पुढे कारखान्यास त्यांचेच नाव देण्यात आले.