आज लोक जे प्रश्न गुगलला विचारतात, त्यांची उत्तरं छापली म्हणून र. धों. कर्वे कोर्टात उभे होते

काही प्रश्न असे असतात जे आपण आईवडिलांना विचारत नाही, मित्रांना विचारत नाही, डॉक्टरसमोर बसल्यावरही विचारत नाही. घरातले सगळे झोपले की मोबाईल हातात घेतो, इनकॉग्निटो टॅब उघडतो आणि गुगलला विचारतो. वाचून झालं की टॅब बंद.

आता कल्पना करा की साल १९३० आहे. इंटरनेट नाही, टीव्ही नाही. लैंगिक शिक्षण म्हणजे काय हेही कुणाला माहिती नाही. लग्न झालंय, पदरात तीन पोरं आहेत आणि बायकोच्या अंगात चौथं बाळंतपण सोसायची ताकद उरलेली नाही. हे विचारायचं कुणाला?

त्या काळात मराठी माणसाकडे यासाठी एक पत्ता होता. मुंबईत राहणारे गणिताचे एक माजी प्राध्यापक. त्यांना पत्र लिहायचं, ते आपल्या मासिकात उत्तर छापायचे. आडवळण नाही, टोमणे नाहीत, पापपुण्याची भीती नाही.

त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. या उत्तरांनी त्यांना थेट आरोपीच्या पिंजऱ्यात नेलं.

बहिष्कार घरातूनच पाहिला होता

आडनाव ओळखीचं वाटलं असेल. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वाहिलेल्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२, कोकणातल्या मुरुडचा.

रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये त्यांची आई राधाबाई गेल्या. त्या काळात बायको वारली की पुरुषाने एखाद्या लहान मुलीशी दुसरं लग्न करायचं, हा रिवाजच होता. धोंडो केशवांनी तसं केलं नाही. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या या गोदूबाई पुढे आनंदीबाई म्हणून ओळखल्या गेल्या, बाया कर्वे त्या याच.

पण विधवेशी लग्न म्हणजे तेव्हा गावाच्या दृष्टीने गुन्हाच. मुरुडकरांनी या जोडप्यावर बहिष्कार टाकला. रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचे होते. समाजाला न पटणारी गोष्ट केली की त्याची काय किंमत मोजावी लागते, हे त्यांना शाळकरी वयातच कळलं होतं.

पोरगा मात्र हुशार निघाला. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ साली बी. ए. झाला. गणित हा जिव्हाळ्याचा विषय. फ्रेंच भाषाही शिकून घेतली, पुढे गणिताच्या अभ्यासासाठी फ्रान्सला जाऊन आले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापकी मिळाली.

पक्की नोकरी, वडिलांचं नाव आणि समाजात मान. तसंच चालू राहिलं असतं तर र. धों. कर्वे निवांत निवृत्त झाले असते. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच गणित चालू होतं.

१९२१ : नोकरी की काम?

त्या काळाचा हिशोब समजून घ्यायला हवा. १९२१ मध्ये मुलीच्या संमतीवयाची कायदेशीर मर्यादा होती फक्त १२ वर्षं. लग्नाचं किमान वय ठरवणारा शारदा कायदा यायला अजून आठ वर्षं होती, आणि त्यानेही मुलीचं वय ठेवलं ते १४. म्हणजे कोवळ्या वयात लग्न, पाठोपाठ बाळंतपणं आणि त्यातच कित्येकींचा शेवट. त्यावर लोकांकडे एकच उत्तर असायचं, देवाची मर्जी.

कर्वेंना ते उत्तर मान्य नव्हतं. मूल कधी व्हावं आणि किती व्हावीत हे माणूस ठरवू शकतो, त्याची साधनं जगात आहेत, मग ती आपल्या लोकांना का मिळू नयेत, हा त्यांचा साधा सवाल होता.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र सुरू केलं. ज्या लंडनमधून आपल्यावर राज्य चालायचं, तिथेही मेरी स्टोप्स यांचं असं पहिलं केंद्र त्याच वर्षी उघडलं होतं. आपला देश जगाच्या पन्नास वर्षं मागे असतो असं आपण सहज म्हणतो. या बाबतीत मुंबई आणि लंडन एकाच वर्षी जागी झाली होती.

१९२३ मध्ये त्यांचं ‘संततिनियमन : विचार व आचार’ हे पुस्तक आलं. गर्भनिरोधक गोळी जगात यायला तेव्हा जवळपास चाळीस वर्षं बाकी होती. जी काही साधनं होती, ती कशी वापरायची हे मराठीत सरळ सांगणारं कुणी नव्हतं. ते काम कर्वेंनी केलं.

विल्सन हे मिशनऱ्यांचं कॉलेज. आपला प्राध्यापक वर्गाबाहेर हे असलं काम करतो, हे व्यवस्थापनाच्या पचनी पडेना. नोकरी किंवा हे काम, दोन्हीपैकी एक निवडा अशी वेळ आली आणि कर्वेंनी नोकरी सोडली.

इथे मालतीबाईंचं नाव घ्यावंच लागतं. पगार बंद, लोकांच्या शिव्या चालू, अशा दिवसांत त्या नवऱ्याच्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या. या जोडप्याने ठरवून मूल होऊ दिलं नाही. त्यासाठी कर्वेंनी शस्त्रक्रिया करून घेतली ती स्वतःवर. लोकांना सांगायचं ते आधी आपण करायचं, असा हा मामला होता.

एक मासिक आणि ढीगभर पत्रं

१९२७ हे वर्ष महाराष्ट्रासाठी धामधुमीचं होतं. मार्चमध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, डिसेंबरमध्ये तिथेच मनुस्मृती जाळली. या दोन्हींच्या मध्ये, जुलै महिन्यात मुंबईतून एक छोटं मासिक निघालं. नाव ‘समाजस्वास्थ्य’.

मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. शरीर हे अश्लील नसतं, अश्लीलता बघणाऱ्याच्या डोक्यात असते, हे कर्वेंचं ठाम मत. त्यामुळे मासिक विकत घेतलेला माणूसही ते घरी लपवून ठेवायचा. आतमध्ये गुप्तरोगांपासून स्वतःला कसं वाचवायचं, गर्भधारणा कशी टाळायची, धर्माच्या नावाखाली काय काय खपवलं जातं, असं सगळं असायचं.

पण या मासिकाचा जीव होता तो वाचकांच्या प्रश्नांमध्ये. हस्तमैथुनाने खरंच अशक्तपणा येतो का, समलिंगी आकर्षण हा आजार आहे का, नवराबायकोच्या संबंधात नेमकं काय चुकतंय. लोक विचारत राहिले, कर्वे उत्तर देत राहिले.

त्यातली एक गोष्ट तर लोकांना सगळ्यात जास्त झोंबली. स्त्रीलाही कामवासना असते आणि ते सुख मिळवण्याचा तिला पुरुषाइतकाच हक्क आहे, असं कर्वे लिहायचे. बाई म्हणजे आई, बहीण किंवा पतिव्रता, एवढंच समीकरण माहिती असलेल्या समाजाला हे ऐकायची सवय नव्हती.

पहिला खटला, दुसरा खटला

१९३१ मध्ये पहिला दणका बसला. व्यभिचाराच्या प्रश्नावर कर्वेंनी लेख लिहिला होता. पुण्यातल्या सनातन्यांनी तक्रार केली, अश्लील लिखाणाचा खटला उभा राहिला. शिक्षा झाली १०० रुपये दंडाची. हायकोर्टात अपील केलं, तिथेही हार झाली.

दुसरा कुणी असता तर मासिकाचा सूर मवाळ केला असता. कर्वेंनी तसं काही केलं नाही. मग १९३४ मध्ये दुसरी अटक झाली. या वेळी निशाण्यावर होती ती वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं.

आणि कर्वेंच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

तेव्हाचे बाबासाहेब म्हणजे गोलमेज परिषदा गाजवून आलेले, पुणे कराराच्या केंद्रस्थानी असलेले देशपातळीवरचे नेते. ज्या खटल्यात हरण्याची शक्यता जास्त, आणि ज्याच्या विषयाचं नाव काढलं तरी लोक तोंड फिरवतात, तो खटला त्यांनी का घ्यावा?

त्याचं उत्तर त्यांच्या युक्तिवादातच होतं. लैंगिक विषयावरचं लिखाण केवळ त्या विषयावर आहे म्हणून अश्लील ठरत नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. लोकांनी प्रश्न विचारले आहेत, ते अज्ञानातून आले आहेत, तर त्यांना ज्ञानानेच उत्तर द्यायला हवं, हा दुसरा. समलिंगी संबंधांबद्दलची उत्तरं तर विकृतीच आहे, असं म्हटलं गेलं. त्यावर बाबासाहेबांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाचा दाखला दिला आणि काही माणसांची ती नैसर्गिक प्रवृत्ती असते, अशी बाजू मांडली.

हे सगळं १९३४ मध्ये चाललं होतं. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला. मधे गेली ८४ वर्षं.

खटला अर्थातच हरले. या वेळी दंड २०० रुपये.

बाबासाहेबांनी मात्र विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रचारासाठी सरकारने पुढाकार घ्यावा, असा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला.

सनातनी विरोधात होतेच, गांधीजीही होते

कर्वेंची अडचण अशी की त्यांच्या विरोधात फक्त जुन्या विचारांचे लोक नव्हते. महात्मा गांधींचाही कृत्रिम साधनांना विरोध होता. संततिनियमन व्हावं हे त्यांना मान्य होतं, पण त्याचा मार्ग एकच, ब्रह्मचर्य आणि संयम. अमेरिकेतल्या मार्गारेट सँगर १९३५ च्या डिसेंबरमध्ये खास वर्ध्याला येऊन गांधीजींशी बोलल्या, तरी त्यांचं मत बदललं नाही.

कर्वेंनी या ब्रह्मचर्याच्या कल्पनेवर बेधडक टीका केली. अख्खा देश ज्यांना महात्मा म्हणत होता त्यांच्याशी पंगा घेतल्यावर जवळचे लोकही दुरावतात, तसंच झालं. मासिकाचा खप मुळातच तोकडा आणि पैशांची कायम ओढाताण. तरी ‘समाजस्वास्थ्य’ चालत राहिलं, एक-दोन नव्हे तर २६ वर्षं.

१४ ऑक्टोबर १९५३ ला कर्वे गेले. तोपर्यंत मासिक सुरूच होतं.

बापाला भारतरत्न, मुलाला दंडाची पावती

आता तारखा पाहा. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. असा अधिकृत कार्यक्रम घेणारा भारत हा जगातला पहिला देश. ज्या कामासाठी कर्वेंची नोकरी गेली, तेच काम त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी सरकारी झालं.

१९५८ मध्ये महर्षी कर्वेंना वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं. त्यांचा मान योग्यच होता. विधवाविवाहासाठी ज्यांना गावाने वाळीत टाकलं, त्यांना देशाने डोक्यावर घेतलं. पण मुलाने ज्या विषयाला हात घातला होता, तो पचवायला त्याच समाजाला आणखी वेळ हवा होता. पुढे २००१ मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा काढला, अतुल पेठे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं नाटक रंगमंचावर आणलं, तेव्हा कुठे नव्या पिढीला हा माणूस कळायला लागला.

पण मग कर्वे शेवटी जिंकले असं म्हणायचं का? इथेच खरी गोम आहे.

सरकारने साधनं उचलली, विचार मात्र मागे ठेवला. सरकारला चिंता होती लोकसंख्येच्या आकड्याची. त्यातूनच पुढे आणीबाणीत माणसं धरून आणून नसबंदी करण्यापर्यंत मजल गेली. कर्वेंच्या मांडणीत जबरदस्तीला जागाच नव्हती. माणसाला खरी माहिती द्या, मग आपल्या शरीराचं काय करायचं ते त्याला आणि तिला ठरवू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा हेच सांगतो. विवाहित जोडप्यांमध्ये स्त्रीची नसबंदी झाल्याचं प्रमाण ३७.९ टक्के आहे. पुरुषाच्या नसबंदीचं प्रमाण आहे ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन तुलनेने सोपं असूनही टेबलवर जाते ती बाईच. कर्वेंनी ते सुमारे शंभर वर्षांपूर्वी स्वतःवर करून घेतलं होतं.

साधनं आज मेडिकलमध्ये मिळतात, पण दुकानदार ती अजूनही काळ्या पिशवीत किंवा कागदात गुंडाळून देतो. शाळेत त्या धड्याची पानं अजूनही घाईघाईत उलटली जातात. आणि मुलं तेच जुने प्रश्न रात्री गुपचूप मोबाईलला विचारतात, जिथे खरी माहिती आणि थापा एकाच स्क्रीनवर शेजारी शेजारी दिसतात.

१९३० सालच्या वाचकाला निदान एक गोष्ट माहिती होती. आपण पत्र पाठवलं तर पलीकडे बसलेला माणूस खोटं सांगणार नाही, आणि खरं सांगण्यासाठी दंड भरायलाही तयार असेल.