सर्पगंधा आणि डॉ. रुस्तुम वकील

भारतातील अरण्यांत सर्पगंधा नावाचे एक लहानसे झुडूप आढळते. त्याची मुळे आपल्या वैद्यांना शतकानुशतके परिचित होती. सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि उन्मादावर ती देण्याची प्रथा होती. परंतु पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले डॉक्टर अशा मुळ्यांकडे फारसे लक्ष देत नसत. ह्या मुळीचे गुण तपासून जगापुढे मांडणाऱ्यांत मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील हे अग्रगण्य होत.

रुस्तुम वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. लंडन येथे वैद्यकाचे उच्च शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात रोग्यांची सेवा करू लागले. हृदयाचे विकार हा त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय होता.

त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे असे औषध नव्हते. विश्रांती घ्यावी, मीठ सोडावे, एवढाच सल्ला डॉक्टर देत. रक्ताचा दाब फार वाढला म्हणजे मेंदूतील एखादी नाजूक रक्तवाहिनी फुटते आणि रोग्यास पक्षाघात होतो किंवा मृत्यू येतो. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली असेच मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले. एवढ्या बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखालाही वाचवू शकेल असे औषध जगात नव्हते!

कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच सर्पगंधेने उन्माद शमतो आणि रक्तदाब उतरतो असे लिहून ठेवले होते. डॉ. वकील यांनी ती मुळी आपल्या रोग्यांना देऊन पाहिली. गुण येत होता. तथापि तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. रोग्यास बरे वाटले म्हणजे ते औषधामुळेच, असे कसे म्हणावे? विश्रांतीनेही दाब उतरतो आणि डॉक्टरवरील श्रद्धेनेही उतरतो. म्हणून त्यांनी पन्नास रोगी निवडले, मुळीच्या गोळ्या देऊन त्यांचा रक्तदाब काळजीपूर्वक मोजला आणि आकडे टिपून ठेवले. बहुतेकांचा दाब उतरला होता. १९४९ साली हा वृत्तान्त इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि दूरदूरच्या डॉक्टरांचे लक्ष सर्पगंधेकडे वेधले गेले. बॉस्टन येथे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तिचा प्रयोग केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे शास्त्रज्ञांनी मुळीतून तिचे प्रभावी द्रव्य वेगळे काढले. त्यास रेसर्पिन असे नाव मिळाले. पुढे न्यूयॉर्कच्या डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले, तेव्हा अनेकांचा क्षोभ शांत झाला.

हे द्रव्य कार्य कसे करते? आपले मज्जातंतू एकमेकांना निरोप पाठवितात ते काही रासायनिक द्रव्यांच्या द्वारे. ही द्रव्ये तंतूंच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत साठविलेली असतात. रेसर्पिनमुळे ह्या पिशव्या भरेनाशा होतात. साठा संपला की निरोप मंदावतात. मग रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो आणि मन शांत होते. पण हेच औषध अधिक झाले तर मन खिन्न होते, हातपाय ताठरतात व कापू लागतात.

ह्या दोषातूनही मोठा लाभ झाला. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल बसले. नंतर मेंदूत डोपामाइन निर्माण करणारे एल-डोपा हे द्रव्य टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामाइन कमी पडल्यास शरीराची हालचाल मंदावते, हे यावरून दिसून आले. पुढे कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतही त्याची उणीव आढळली आणि एल-डोपा हे त्या रोगावरील प्रमुख औषध ठरले. ते आजही दिले जाते. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

डॉ. वकील यांच्या कार्याचा गौरव १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाने आणि १९५८ साली भारत सरकारने दिलेल्या पद्मभूषण पदवीने झाला. १९७४ साली त्यांचे निधन झाले. रक्तदाबावर आता अधिक निर्धोक औषधे निघाली आहेत व रेसर्पिन क्वचितच दिले जाते. तरी डॉ. वकील यांचा मार्ग जुना झालेला नाही. केवळ पूर्वजांचे म्हणून त्यांनी ते औषध डोळे मिटून स्वीकारले नाही आणि केवळ जुने म्हणून टाकूनही दिले नाही. धीराने मोजून, पारखून जे खरे ठरले तेच त्यांनी सांगितले. म्हणूनच त्यांच्या शब्दावर साऱ्या जगाने विश्वास ठेवला.